शेवट सांगणारे गृहस्थ

दुकानातला माल संपत आला की बटणशेठ घाऊक पेठेत जायचा, आणि घरातली रहस्यकथा संपत आली की जुन्या पुस्तकांच्या दुकानात. दोन्हीकडे त्याचा नियम एकच. शेवटचा डबा फोडायच्या आधी पुढचा घरात आलेला असला पाहिजे.

त्या दिवशीही तो असाच सकाळी दुकान बायकोच्या हवाली करून गेला.

"शेठ, आता मात्र संपलं," पुस्तकवाला हात झटकत म्हणाला. "जेवढे खून होते तेवढे तुम्ही नेलेत."

"त्या कपाटामागे बघ की."

"कपाटामागे झुरळं आहेत. त्यांचंही सगळं वाचून झालंय."

बटणशेठ हसला, पण हलला नाही. गिऱ्हाईक रेंगाळलं की माल निघतो, हे त्याला आपल्याच दुकानावरून ठाऊक होतं. शेवटी पुस्तकवाल्यानं कुठून तरी एक जाडजूड पुस्तक काढून फुंकरलं. पानांच्या कडा अजून जोडलेल्याच होत्या. छापल्यापासून कुणी ते फाडून वाचलेलंच नव्हतं.

"हेच पाहिजे," बटणशेठ म्हणाला. "कुणीच न वाचलेलं."

बटणं, चेन, लेस, दोरे असलं किडुकमिडुक विकणारा हा माणूस शाळेत फार टिकला नव्हता. वाचायला शिकला तो आईच्या मांडीवर, खुनांच्या गोष्टींतून. आईचं लक्ष कढईपेक्षा पुस्तकात जास्त, त्यामुळे करपलेलं खायची सगळ्या घराला सवय. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि काळीज इतकं थकलेलं, की शस्त्रक्रियेचं नाव काढायची सोय नव्हती. दुकानाच्या वरच्या खोलीत ती पडून असायची. "फार दिवस नाहीत," असं डॉक्टर सांगून गेले, त्या दिवशी ती म्हणाली होती, "ह्या पुस्तकातला खुनी तेवढा सापडू दे, मग जाते."

सगळे हसले. बटणशेठला मात्र त्यात सौदा ऐकू आला.

तेव्हापासून तो एका बैठकीत जुन्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आणि नव्याचं पहिलं, असं जोडून वाचायचा. एक खुनी सापडायचा, तोवर दुसरं प्रेत पडलेलं असायचं. मग जायचं कसं? असं करत करत एक अख्खं वर्ष निघालं. डॉक्टर नाडी बघून डोकं खाजवायचे, आणि बटणशेठला एखादा मोठा व्यवहार जुळल्यासारखं वाटायचं.

पण गेल्या आठवड्यात आईनं तिसऱ्याच प्रकरणाला खुनी सांगून टाकला होता. पूर्वी वाचलं असेल, असं त्यानं मनाला समजावलं होतं. म्हणून आज हे जोडलेल्या पानांचं पुस्तक.

दुपारी शटर अर्धं ओढून तो वर गेला. खिडकीला जाड पडदा, कारण उजेड आईच्या डोळ्यांना टोचायचा. खोलीत औषधांचा वास रोजचाच. आज त्यात ओल्या राखेसारखा आणखी एक वास होता. आईच्या उशाशी लाकडी खुर्ची. तो स्वतः नेहमी पायथ्याशी, पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत बसायचा. सुरीनं एकेक पान मोकळं करत तो वाचू लागला.

थोड्या वेळानं त्याला पान उलटल्याचा आवाज आला. त्याचं बोट अजून अर्ध्या पानावर होतं.

तो थांबला. काही नाही. पुन्हा सुरू केलं. ओळी संपायच्या जरा आधीच पुन्हा... सुर्र. कुणीतरी त्याच्याबरोबर वाचत होतं, आणि जरा पुढे होतं.

"कंपाउंडरनं मारलं," आई मध्येच म्हणाली. "विष घड्याळाच्या पोटात लपवलंय."

बटणशेठनं सुरी घालून शेवटची पानं फाडली. कंपाउंडर. घड्याळ.

"आई... हे तुला कुणी सांगितलं?"

"हे गृहस्थ बसलेत ना." तिनं रिकाम्या खुर्चीकडे मान वळवली. आवाजात भीती नव्हती, शेजारचं कुणी बसायला आलंय तसा सूर होता. "फार वाचलेले आहेत बरं का. म्हणतात, शेवट कळला की माणूस उगीच अडून बसत नाही."

त्यानं तिचा हात धरला. बोटं तळघरातल्या फरशीसारखी गार होती. त्या संध्याकाळी तिनं दूधसुद्धा घेतलं नाही.

"अहो, जन्मभर तेच वाचलंय त्यांनी," बायको खाली म्हणाली. "अंदाज बांधत असतील. तुम्हीसुद्धा बांधताच की. मी नवीन ब्लाउज शिवायला टाकणार, हे महिनाभर आधी ओळखता."

"अंदाज वेगळा गं. ती घड्याळ म्हणाली."

बायको उठली. देवापाशी दिवा लावून आली.

पुढच्या दिवसांत बटणशेठनं गावातली दुकानं पालथी घातली. जुनी पुस्तकं झाली, नवी झाली. एक तर असं आणलं, की बांधणीचा डिंक अजून ओला होता. प्रत्येक वेळी तेच. पान उलटायचा तो आवाज आता एखाद्या प्रकरणानं पुढे असायचा, आणि पहिल्या दुपारीच आई थकल्या आवाजात नाव सांगायची. एकेका नावाबरोबर ती गादीत आणखी बुडत चालली. डॉक्टर जिन्यात बायकोशी हळू आवाजात बोलून गेले.

त्या दुपारी बटणशेठ गल्ल्यावर बसून समोरच्या कपाटाकडे बघत होता. जे पुस्तक आहे, ते त्या गृहस्थांनी वाचलेलं असणार. मग नसलेलं पुस्तक आणायचं कुठून?

त्याचा हात बटणांच्या नमुन्यांच्या पुस्तकावर पडला. पुठ्ठ्याची जाड पानं, त्यांवर ओळीनं शिवलेली बटणं. ते उचलून तो वर गेला आणि उजेडाच्या पट्टीत बसला.

"नवं मिळालंय, आई."

शिंपल्याच्या बटणावर बोट ठेवून त्यानं एक विधवा बाई उभी केली. पितळी बटणाचा निवृत्त कॅप्टन झाला. काळं, कड उडालेलं, तो ड्रायव्हर. डोंगरावरचं हॉटेल, खाली पूल वाहून गेलेला, आणि मालक खोलीत मरून पडलेला. त्याच्या मुठीत कोटाचं एक साधं करडं बटण. पाहुण्यांचे कोट तपासले, तर सगळ्यांचे तसलेच, करड्या बटणांचे. आणि एकाच्याही कोटाचं बटण तुटलेलं नाही. मग हे आलं कुठून?

बटणशेठला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. जे सुचेल ते तो बोलत होता. मध्ये भरती म्हणून त्यानं पावसाचं वर्णन घातलं, कॅप्टनचा भिजलेला कोट उलटा करून दोरीवर टाकला, अस्तरावर लोंबणारा दोरा दाखवला, मोलकरणीला दोन शब्द बोलायला लावले.

पान उलटायचा आवाज आला नाही.

"गंमतच आहे," आई म्हणाली. तिच्या गालावर कित्येक दिवसांनी रंग दिसला. "गृहस्थ म्हणतात, हे त्यांच्या वाचनात नाही."

त्या रात्री ती कपभर दूध प्यायली. चौथ्या दिवशी उशीला टेकून बसली आणि सुनेला म्हणाली, "खुनी ती विधवा नाही हो. ती उगीच मध्ये कडमडतेय." बायको तोंडाला पदर लावून हसत, रडत खाली आली.

बटणशेठला मात्र धड हसता येईना.

"आता ते माझ्याजवळ नाही बसत," आईनं त्याला हळूच सांगितलं होतं. "तुझ्या मागे उभे असतात. वाकून बघतात... पुस्तकात नाही रे. तुझ्याकडेच बघतात."

मानेवर त्याला ते जाणवायचं. गार, राखेच्या वासाचं. त्याला आता पुरतं कळून चुकलं होतं : खुनी कोण हे आपल्याला ठाऊक नाही, तोवर आई आहे. पण जन्मभर रहस्यकथांवर पोसलेलं डोकं गप्प बसतंय थोडंच? जेवताना, हिशेब करताना, दाढी करताना ते मुठीतल्या बटणाभोवती घुटमळायचं. तो स्वतःला दटावायचा, मोठ्यानं गाणी म्हणायचा. बायको म्हणायची, "अहो, शेजारी काय म्हणतील!"

एका संध्याकाळी नमुन्यांचं पुस्तक काखेत घेऊन तो वरून उतरला, तर गल्ल्याशी एक बाई उभ्या. हातात नवऱ्याचा कोट.

"ह्याला जुळणारं बटण द्या हो. सगळीकडे फिरले. कुठे मिळत नाही."

"बघू," म्हणत त्यानं पुस्तक गल्ल्यावर उघडलं. कोट हातात घेतला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, विचार न करता, आतली बाजू उलटून अस्तर चाचपलं.

"बाई, विकत कशाला घेताय? शिवणारा जादा बटण आत लावूनच देतो. हे बघा. हे काढायचं, तिथे लावायचं. तुटलं होतं, हे कुणाला कळणारसुद्धा..."

वाक्य त्याच्या तोंडातच थांबलं.

दोरीवर उलटा टाकलेला ओला कोट. अस्तरावर नुसता लोंबणारा दोरा. बटण नाही.

नाही, नाही. त्यानं डोळे गच्च मिटले. विधवा. ड्रायव्हर. कुणीही असो, दुसरं कुणीही...

"शेठ? बरं वाटत नाही का?" बाई विचारत होत्या.

वरून आईचं हसू ऐकू आलं. लहानपणी, शेवटच्या पानाशी यायचं तसं, तृप्त, मोकळं.

"अगबाई! कॅप्टन होय..."

मग थप्प असा आवाज झाला, कुणीतरी जाड पुस्तक समाधानानं मिटल्यासारखा.

गल्ल्यावर, बटणशेठच्या हातांखाली, नमुन्यांचं पुस्तक उघडंच होतं.