डिकीतलं लाल पाणी

"आधी तू हात घाल!"

"मी का? गाडी तुझ्या दादांची हाय!"

भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये निखत आणि सृष्टी एकमेकींना पुढे ढकलत होत्या. निखतचा धाकटा चुलतभाऊ सोहेल दोघींच्या पाठीमागे लपून त्यांना धीर देत होता. समोर निखतच्या आजोबांची, मकबूलदादांची, लाडकी गाडी उभी होती. पांढरी शुभ्र, कापडी टप मागे दुमडणारी! सास्तूरच्या आसपास कुणाचंही लग्न असो, नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मारुतीच्या देवळाकडे निघायचा तो याच गाडीतून, आणि नवरी सासरी जायची तीही याच गाडीतून.

या उन्हाळ्यात मात्र गाडीचं काहीतरी बिनसलं होतं. आभाळात ढग नाही, तरी सकाळी बघावं तर डिकीत पाणी. आणि तेही लाल! शेडच्या मागे जुनं गाव. भूकंपात पडलेल्या घरांचे चौथरे तिथे बाभळींमधून अजून दिसतात. मग काय, कुजबुज सुरू झाली. ड्रायव्हर सोमेश तर पारावर बसून छातीठोक सांगायचा, "जुन्या गावातलं कुणीतरी डिकीत येऊन बसतंय!"

उद्या संध्याकाळी गावातल्या आण्णासाहेबांच्या मुलाचं, रणधीरचं, लग्न होतं. त्यांनी सकाळीच निरोप धाडला, "असली गाडी नको." दादांनीही वाद घातला नाही. सरळ भंगारवाल्याला बोलावणं धाडलं. उद्या सकाळी टेम्पो येणार आणि गाडी जाणार! दादांची गाडी म्हणजे दादांचा जीव. निखतला काही केल्या हे पटत नव्हतं.

तिने श्वास रोखला आणि अंधाऱ्या डिकीत हात घातला. तळाला गार पाणी लागलं. ती आणखी आत चाचपू लागली, वरच्या कोपऱ्यातल्या फटीपर्यंत. तेवढ्यात गाडीच्या पोटातून आवाज आला. गुळ्ळ... गुळ्ळ... कुणीतरी पाण्याखालून बोलू बघत होतं जणू.

"निखत, हात काढ!" सृष्टी किंचाळली.

पण निखतच्या बोटांना काहीतरी लागलं होतं. ओलं, मऊ, बारीक, लांब!

"केस!" ती ओरडली. "आत केस हायेत!"

मग तिघं शेडबाहेर कसे आले ते त्यांनाही कळलं नाही. सोहेलची एक चप्पल आतच राहिली. निखतच्या बोटांवरून लाल पाणी निथळत होतं.

दादा निंबाखाली बाजेवर बसले होते. निखतने धापा टाकत सगळं सांगितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं,

"लांब होते का?"

भर उन्हात निखतच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"बेगमबीचे केस लई लांब होते," दादा हळू आवाजात म्हणाले. "माझी धाकटी बहीण. लग्न ठरलं होतं तिचं. म्हणायची, भाईजान, मी बैलगाडीत बसणार न्हाय, मोटारीतूनच सासरला जाणार! म्या म्हटलं, आणीन मोटार. आन् मग ती पहाट आली. भूकंपाची. हातावर मेंदी होती गं पोरीच्या."

दादांनी शेडकडे बघितलं.

"मोटार आणली, पण लई उशिरा. आता दुसऱ्यांच्या पोरी तिच्यात बसतात. बेगमला आवडत नसंल. जाऊ दे गाडी. ती तरी सुटंल."

म्हणजे दादा सोमेशच्या भुताला घाबरून गाडी भंगारात काढत नव्हते! बहीण आपल्यावर रुसली आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. दादांनी उरलेलं आयुष्य हेच मनात घेऊन काढायचं? मुळीच नाही!

"बेगम फुफीदादी रुसली असंल तर मला तिच्याकडूनच कळू दे," ती सृष्टीला म्हणाली. "पण पाणी कुठून येतं ते आधी बघू."

तेवढ्यात सोमेश फडकं खांद्यावर टाकून आला. सृष्टीने साळसूदपणे विचारलं, "सोमेशकाका, तुम्ही गाडी धुता का हो?"

"छ्या! थेंबभर पाणी लावत न्हाय! टपाला पाणी मारू नको, नुसतं पूस, अशी मालकांची ताकीद हाय. म्या फडक्यानंच पुसतो. आजबी शेवटची चकाचक करणार."

तो चहाला गेला. निखतने सोहेलला हळद आणायला घरी पिटाळलं आणि त्याने हळदीचा डबाच उचलून आणला. सृष्टीने टपाच्या मागच्या काठाला, काचेखालच्या खाचेत चिमटी चिमटी हळद भरली. मग तिघांनी पाणी टिपून डिकी कोरडी केली आणि झाकण लावलं. सोहेलने चप्पल घेतली, पण डोळे मिटून!

सकाळी तिघं शेडमध्ये हजर झाले. निखतने झाकण उचललं. आत पाणी होतं. लाल नाही, पिवळंजर्द!

"हळद!" सृष्टी ओरडली. "पाणी वरून आलंय! टपावरून!"

"आणि भूत काय नळी घेऊन टप धुतंय व्हय?" सोहेलने विचारलं. एकदम त्याला भलतंच शूर वाटायला लागलं होतं.

निखतने चावी लावून बटण दाबलं. टप कुरकुरत अर्धा उठला आणि तिने तो तिथेच थांबवला. सीटमागे टप दुमडून बसतो तो खळगा उघडा पडला. सृष्टीने बॅटरीचा झोत टाकला आणि तिघांनीही आ वासला.

खळग्याच्या कोपऱ्यात हिरवे कोंब उगवले होते!

"ज्वारी!" निखत म्हणाली. "अगं, ही तर अक्षतांची ज्वारी! लाल रंगवलेली!"

आता सगळं लख्ख दिसायला लागलं. लग्नात नवरानवरीवर रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता पडायच्या. निघतानाही लोक मूठमूठ उधळायचे. दाणे केसांतून, शालूतून गाडीत सांडायचे. सोमेश मात्र ते वेचायच्या ऐवजी पाण्याची मोटर लावून नळीच्या धारेने खळग्यात लोटायचा. खळग्यातून पाणी खाली जायला नळी असते. त्या नळीत ज्वारी फुगून घट्ट बसली होती. मग पाणी तुंबून फटीतून डिकीत झिरपायचं, अक्षतांचा रंग घेऊन!

"म्हणजे ते केस..." सृष्टी हसतच खाली बसली. "मुळ्या गं! ज्वारीच्या मुळ्या!"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"सोहेल, टेम्पो अडव! सृष्टी, तार!"

सृष्टीच्या वडिलांचं सायकलचं दुकान. ब्रेकची जुनी तार घेऊन ती वाऱ्यासारखी आली. निखतने नळीत तार सारली. पुढे जाईना. नळी फाटू नये म्हणून तिने तार हळूहळू फिरवत ढोसली. दादा आले, आण्णासाहेबही आले. जुने दोस्त ते, गाडी जाताना दादा एकटे नकोत म्हणून आले होते. मागे सोमेश होता.

"अगं, काय चाललंय?" आण्णासाहेबांनी विचारलं.

गुळ्ळ... गुळ्ळ... भस्स! मागच्या चाकापाशी पिवळं पाणी भळाभळा बाहेर पडलं आणि त्याच्यासोबत कोंब आलेल्या ज्वारीचा गोळा!

"हे बघा भूत!" सोहेल ओरडला. "आणि ज्यानं गाडी धुतली, त्याच्या बनियनवर हळदीचे डाग असणार!"

सोमेशने झटकन छातीवर हात ठेवला. पण डाग पाठीवर होते, खांद्यावरच्या फडक्याचे!

"मालक, पुसायला लई येळ लागतो वो," तो पुटपुटला. "म्या... चुकलं. भुताचं मात्र मला खरंच वाटलं होतं."

आण्णासाहेब पोट धरून हसले. मग गंभीर होऊन त्यांनी निखतच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्ही थोरांनी भूत पाहिलं, आन् तुम्ही पोरांनी नळी पाहिली! शाब्बास रे वाघांनो! मकबूलभाई, रणधीरचा परण्या ह्याच गाडीतून निघणार." त्यांनी टेम्पोला परत जायची खूण केली.

दादा मात्र हसले नाहीत. त्यांनी वाकून तो ओला गोळा हातात घेतला. मुळ्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे बेगम न्हवती," ते म्हणाले.

त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं की वाईट, हे निखतला कळेना. बहुतेक दोन्ही. तिने त्यांचा हात धरला.

"रुसली न्हवती ती, दादा. कध्धीच न्हवती."

दादांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"दादा," निखतने हळूच विचारलं, "फुफीदादीला आवडली असती का हो गाडी?"

"आवडली?" दादा एकदम खो खो हसायला लागले. डोळ्यांतलं पाणी दाढीवर आलं तरी हसतच राहिले. "अगं, तिनं मला चालवूच दिली नसती!"