पळसदरीतली पुण्याची भिंत

सुरभीनं रूपेशला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका नवरदेवाच्या पाठीवर उभी होती.

म्हणजे, तसं रूपेशचं म्हणणं होतं. सुरभीच्या मते ती पळसदरीच्या एका शेतात उभी होती. लॅपटॉप डोक्यावर, मीटिंग कानात, आणि पायाखाली काय आहे ते बघायला वेळ नाही.

"ताई, जरा सरका," शिडीवरून आवाज आला.

"मी मीटिंगमध्ये आहे," ती कुजबुजली.

"मंग मीटिंग घेऊन सरका. तुमी नवरदेवाच्या पाठीवर उभ्या हायत."

तिनं खाली पाहिलं. भिंतीएवढा गुलाबी मखमली पडदा उन्हात पसरलेला होता आणि त्याच्या बरोब्बर मध्यावर तिच्या बुटांचे दोन ठसे उमटले होते.

"शनिवारी खालापूरला साखरपुडा हाय," शिडीवरचा तरुण खाली उतरत म्हणाला. "ह्यो पडदा नवरदेवाच्या मागं लागणार. आता तो म्हणंल, माझ्या मागं कोण लागलंय?"

सुरभीला हसू आलं. ते थेट मीटिंगमध्ये गेलं. तिकडे अक्षय नावाचा सहकारी तिमाही तोट्याबद्दल बोलत होता, तो एकदम गप्प झाला.

सुरभी पुण्यातल्या एका कंपनीत कामाला होती. कंपनी नक्की काय बनवते हे तिला तीन वर्षांत आईला समजावता आलं नव्हतं. आठ महिन्यांत तिनं चार वेळा सुट्टी मागितली आणि चारही वेळा 'या आठवड्यात नको' असं उत्तर आलं. घरून काम करायची मुभा होती, पण घर म्हणजे अर्जात पत्ता लिहिलेलंच घर. म्हणून तिनं कुणालाही न सांगता बुधवार ते शुक्रवार पळसदरीत मोतीबाईंची खोली घेतली. बेत सोपा होता. नऊ ते सहा काम, सहानंतर धरण, डोंगर, मोकळी हवा. जानेवारीतल्या सूर्याला मात्र हा बेत कुणी कळवला नव्हता. तो सव्वासहालाच निघून जायचा. बुधवारी ती धरणावर पोहोचली तेव्हा धरणाच्या जागी नुसता ओलसर वास होता.

खोलीत नेटवर्क खिडकीपर्यंत यायचं, आत बघायचं आणि परत जायचं. पूर्ण मिळायचं ते फक्त या शेतात, जिथं रूपेश आपल्या मंडप डेकोरेशनचं सामान ठेवायचा. त्यानं तिला लग्नातली एक खुर्ची दिली, टेबल म्हणून एक ढोल दिला, आणि स्वतः पडद्यावरचे ठसे घासत बसला.

"तुमी इथं आलात कशासाठी?" जरा वेळानं त्यानं विचारलं.

"विश्रांतीसाठी."

"मंग ती कधी येणार हाय?"

तिनं कॅलेंडर उघडून पाहिलं. त्यात विश्रांती कुठंच नव्हती.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो तिला मोटारसायकलवरून धरणावर घेऊन गेला. वाटेत दोन्ही बाजूंना वालाची शेतं होती, शेंगांचा कच्चा हिरवा वास होता. पाण्यावर ऊन असं पडलं होतं की सुरभी पायऱ्यांवर बसली ती बसलीच. तिच्या उजव्या कानात मात्र कुणीतरी 'माझा स्क्रीन दिसतोय का?' असं विचारत होतं.

"अजून मीटिंग?"

"एकाच कानात. उजव्या. डावा मोकळा आहे."

रूपेश उठला, तिच्यामागून फिरून गेला आणि डाव्या बाजूला येऊन बसला. अगदी गंभीरपणे, जणू बसमध्ये खिडकीची जागा मिळाली असावी.

"मंग आता मला सांगा," तो हळूच म्हणाला, "पुण्यात कोण हाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे… डाव्या कानाला?"

तिनं पाण्याकडे पाहिलं. "डाव्या कानाला सध्या आईच आहे. रोज विचारते, मुलगा कधी बघायचा."

"आन् तुमी काय सांगता?"

"या आठवड्यात नको."

तो हसला. ती हसली. उजव्या कानातून प्रश्न आला, "सुरभी, तुझं मत?" ती म्हणाली, "छान आहे." पुढे कळलं की तोट्याचा आकडा विचारला होता.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. बुधवारी तो तिला 'ताई' म्हणत होता. गुरुवारी सकाळी 'मॅडम' झालं. धरणावरून परतताना यातलं काहीच उरलं नव्हतं, नुसतंच 'ऐका ना' होतं. 'ऐका ना' या पदावर आपण नेमक्या कोण लागतो, हे काही तिला कळेना. विचारावं तर काय म्हणून विचारावं? आणि शनिवारी सकाळी परत जायचं होतं.

शुक्रवारी सकाळी कंपनीतून निरोप आला. नुकतेच रुजू झालेले नवीन सर दुपारी चार वाजता सगळ्यांशी बोलणार. टीमचं नेतृत्व सुरभीकडे द्यायचं की अक्षयकडे, याचा निर्णय तिथंच होणार. कॅमेरा चालू हवा, खोटी पार्श्वभूमी चालणार नाही.

सुरभी शेतात जाऊन ढोलावर डोकं टेकवून बसली. घर सोडून इथं आल्याचं सरांना कळलं तर पद गेलंच, वर चौकशी.

"तुमच्या घरातली भिंत कशी हाय?" रूपेशनं विचारलं.

"राखाडी. मागं पुस्तकांचं कपाट आहे, एक घड्याळ आहे. का?"

तो उठून टेंपोकडे गेला.

साडेतीनला पळसदरीच्या शेतात पुण्याचा एक फ्लॅट उभा होता. राखाडी कापड ताणून बांधलेलं, त्यावर घड्याळ, आणि फोटो काढण्याच्या सजावटीतलं पुठ्ठ्याचं कपाट. पुस्तकंसुद्धा होती. रंगवलेली, पण नीट उभी. सुरभीला आपल्या खऱ्या भिंतीची थोडी लाज वाटली.

"रूपेश, वर झेंडूच्या माळा का आहेत?"

"हात थांबत नाय," तो ओशाळून म्हणाला. "बारा वर्सं मंडप बांधतोय."

"आणि हे सिंहासन?"

"दुसऱ्या खुर्च्या खालापूरला गेल्या. हीच उरली, जोडीची. खाली बोल्टनं एक हाय, अर्धी निघत नाय."

अर्ध्या सिंहासनावर ती बसली. बाकीचं अर्धं रिकामं राहिलं. कॅमेऱ्यात फक्त तिचं डोकं आणि राखाडी भिंत दिसत होती, त्यामुळे सगळं ठीक होतं.

चार वाजून नऊ मिनिटांपर्यंत.

झालं असं की सुरभी पडद्याला कॅमेऱ्यातून पाहत होती आणि पळसदरी त्याला रस्त्यावरून पाहत होती. रस्त्यावरून दिसत होता एक मंडप, झेंडू, जोडीचं सिंहासन, त्यावर बरा कुर्ता घातलेली मुलगी, आणि बाजूला आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातलेला रूपेश. अशा वेळी आमंत्रण होतं का, हे या भागात कुणी विचारत नाही. स्टेज दिसलं की वर जायचं.

पहिल्या वर आल्या गावातल्या ठमीकाकू. सुरभी खर्चकपातीवर बोलत असताना त्यांनी तिच्या कपाळावर कुंकू लावलं, ओटीत नारळ आणि तांदूळ घातले आणि कॅमेऱ्याकडे बघून उभ्या राहिल्या.

"या… आमच्या काकू," सुरभी म्हणाली.

दुसऱ्या आल्या मोतीबाई, डोळे पुसत. "माझ्याच खोलीत राह्यलीस नि मलाच सांगितलं नायस गं!" मग हिरामणमामा आले, आणि त्यांच्यामागे रांग. रूपेश लांबून दोन्ही हात हलवून सगळ्यांना परत जायला सांगत होता. लोकांना वाटलं, पोरगा किती अगत्यानं बोलावतोय.

"आन् तू तिकडं काय करतोस रं?" हिरामणमामांनी त्याचा दंड धरला. "पोरगी एकटीच बसलीय. बस!"

रूपेश सिंहासनाच्या उरलेल्या अर्ध्यावर येऊन पडला. लॅपटॉपवरच्या चौदा चौकटींमध्ये चौदा तोंडं उघडी होती.

"सुरभी," नवीन सर शांतपणे म्हणाले, "आज तुमचा साखरपुडा आहे का?"

तिनं तोंड उघडलं. रूपेश तिच्या डाव्या कानाशी आला. "हो म्हणा," तो पुटपुटला. "साखरपुड्यावरून कोण कुणाला रागावतंय? पद वाचंल. मी नंतर गावाला समजावतो."

बरोबर होतं. एका 'हो'त सगळं सुटत होतं. अडचण एवढीच होती की ते 'हो' म्हणायला तिला फारच सोपं वाटत होतं… खोटं बोलताना वाटतं तसं मुळीच वाटत नव्हतं. आणि हा माणूस इतक्या दिलदारपणे ते खोटं तिला देऊन टाकत होता, याचा तिला भयंकर राग आला.

"नाही सर," ती म्हणाली. "साखरपुडा नाही. मी घरीही नाही. मी पळसदरीत आहे, बुधवारपासून. मागची भिंत कापडाची आहे. पुस्तकं पुठ्ठ्याची आहेत. या काकू माझ्या नाहीत. इथलं काहीच खरं नाही. म्हणजे…" तिनं शेजारी पाहिलं. "हा सोडून."

चौदा चौकटी स्तब्ध. पळसदरीचं नेटवर्क नेमकं आजच उत्तम होतं.

"पद अक्षयकडे जाईल," नवीन सर म्हणाले. "आणि सोमवारी तुम्ही सुट्टी घ्या. एकतर तुमचं लग्न ठरतंय, नाहीतर तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. दोन्हीला वेळ लागतो."

चौकटी एकेक करून विझल्या. अक्षय सगळ्यात शेवटी गेला, आणि जाताना त्यानं टाळ्यांचं चिन्ह टाकलं. ते कुणासाठी होतं, कळलं नाही.

लोकही पांगले. जाताना ठमीकाकू जेवण कधी म्हणून विचारून गेल्या. सुरभी ओटीतले नारळ सांभाळत तशीच बसून राहिली. पद गेलं होतं आणि तिला वाईट वाटत होतं. पण मधूनच हसूही येत होतं, आणि यातलं नक्की काय वाटतंय हे तिला ठरवता येत नव्हतं.

"हो म्हणायचं होतंत," रूपेश म्हणाला. तो उठला नव्हता. "एवढं वाचलं असतं."

"आणि तुझं काय वाचलं असतं?"

'तुझं' ऐकून तो गडबडला. झेंडूची एक पाकळी खुडून बोटात चोळत राहिला. "माझं… माझं कायच नाय. मी म्हणलं, निदान धा मिनिटं तरी खरं वाटंल."

"दहाच मिनिटं?"

"उद्या तुमी जाणार होतात."

"सोमवारपर्यंत सुट्टी आहे."

"मंग…" त्यानं मान वर केली. "मला तुमी आवडता. बुधवारपासनं. पडद्यावरचे ठसे निघाले नाय, मी घासलेच नाय नीट. आता काय म्हणायचं ते म्हणा."

सुरभीला वाटलं, आपण काहीतरी सुंदर बोलावं. पण तीन वर्षांत तिला फक्त 'नक्की कळवते' एवढंच बोलायची सवय झाली होती. तिनं ते गिळलं, आणि त्याचा झेंडूनं पिवळा झालेला हात हातात घेतला. उन्हं अजून डोंगरावर होती. वालाच्या शेतातून वारा आला आणि पुण्याची भिंत फुगून परत बसली.

"एक काम राह्यलं," बऱ्याच वेळानं रूपेश म्हणाला. "उद्या खालापूरचं उरकलं की घरोघर जाऊन सांगायला पायजे, साखरपुडा बिखरपुडा काय नव्हता म्हणून. लोकांनी ओटी भरलीय."

"किती घरं?"

"सोळा."

"मी पण येते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "आपण दोघं जोडीनं गेलो सांगायला, तर कोण खरं मानंल?"

"कुणीच नाही," सुरभी म्हणाली. "किती वाजता निघायचं?"