कठड्यावरचे दव

आईवडिलांच्या घराच्या मागच्या डेकचा जुना कठडा दादाने काढून टाकला, कारण तो दृश्याच्या आड येत होता. त्या जागी काच बसवायची होती. काचवाला पुढच्या आठवड्यात येणार होता. असे तो सात आठवडे येत राहिला. तोवर दोन भिंतींच्या मध्ये एक निळा दोर ताणून बांधलेला होता. त्या दोराविषयी मी दादाला चार परिच्छेदांचे पत्र लिहिले. त्यात एकही स्वल्पविराम चुकलेला नव्हता. दोर मात्र मीही बदलला नाही. आठव्या आठवड्यात आमचे वडील सकाळी चहाचा कप घेऊन तिथे गेले आणि डेकच्या कडेवर, मधोमध, तोल जाऊन, दोरासकट, खालच्या खडकावर पडले. दृश्य तेव्हापासून अगदी मोकळे आहे.

याला अकरा महिने झाले. आई दादाकडे राहत होती आणि तिथे एकेक गोष्ट सोडत चालली होती: आधी जेवण, मग औषध, मग बोलणे. उरलेले शब्द ती एकाच मागणीवर खर्च करी. मला माझ्या घरी न्या, मला तिथे उभे राहायचे आहे. दादाचे म्हणणे, घर विकून टाकू. शेवटी मी त्याला फोनवर सांगितले की तिथे राहून कठडा मी करून घेते आणि गुरुवारी आई घरी येईल.

"कर की," तो म्हणाला. "प्राध्यापकबाईंनी करवत धरलेली बघायचीय मला."

करवत अर्थातच मिस्त्रीने धरली. साठीच्या पुढचा, शब्द मोजून वापरणारा माणूस. शुक्रवारी त्याने सहा खांब उभे केले, प्रत्येकाला ओळंबा लावला, वर तळहाताएवढी रुंद सागवानी पट्टी बसवली आणि तिच्या कडा रंध्याने अशा गोल केल्या की हात आपसूक तिथे जावा. मधल्या दोन खांबांपाशी मात्र तो अडला.

"ताई, इथली तुळई जाड निघाली. माझे बोल्ट तोकडे पडतायत. लांबवाले बुधवारी मिळतील."

"आणि तोवर?"

"तोवर चार खिळ्यांवर तोलून ठेवलंय. नुसता दिसायला कठडा. कुणी टेकायचं नाही, अगदी मांजरानंसुद्धा."

मी मागच्या दाराला कुलूप घातले आणि किल्ली शेजारच्या खुंटीला अडकवली. एवढी विद्वत्ता माझ्यापाशी होती.

शनिवारी सकाळी त्या मधल्या खांबांचे खिळे तपासायला मी बाहेर गेले. सबंध पट्टीवर दव होते, बारीक करड्या थेंबांचा सलग थर. त्या दोन खांबांच्या मध्ये मात्र दोन जागा कोरड्या होत्या, एकमेकींपासून हातभर अंतरावर. लाकडातले तेल, मी स्वतःला सांगितले. रविवारी त्या तिथेच होत्या. मी त्यांच्याभोवती पेन्सिलीने रेघा आखल्या.

जुन्या हस्तलिखितांतला पुसट मजकूर वाचणे हा माझा तीस वर्षांचा पेशा. सोमवारी मी हाही नीट वाचला. प्रत्येक कोरड्या जागेतून चार बोटे घराच्या बाजूच्या कडेवरून खाली उतरली होती आणि अंगठा पलीकडच्या कडेवर होता. कोपऱ्यातल्या पक्क्या खांबापाशी जाऊन मी स्वतः पट्टी धरून पाहिली. माझी बोटे बाहेर गेली, अंगठा आत राहिला.

म्हणजे हे हात बाहेरून धरलेले होते. बाहेर उभे राहायला काही नाही. तिथे चाळीस फूट हवा आहे.

मंगळवारी मी ग्रंथालयातून परतले तेव्हा दादाची गाडी दारात होती.

"गुरुवारी माझी मीटिंग आहे," तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "म्हणून आजच आणली तिला. आणि मागचं दार उघडलंय. कुलूप कसलं घालतेस गं? सगळं घर कोंदलं होतं."

मी धावले.

आई डेकच्या मधोमध होती. ती कठड्याला टेकली नव्हती. तिने आपला सगळा भार त्याच्यावर सोडून दिला होता. टाचा फळीवरून उचललेल्या. तळवे माझ्या पेन्सिलीच्या रेघांच्या आत.

मी ओरडले नाही.

"आई, हळूच मागे ये."

"थांब गं जरा. उबदार आहे लाकूड."

आभाळ सकाळपासून भरलेले होते.

मी खाली पाहिले. चारही खिळे फळ्यांवर पडले होते. खांब आणि तुळई यांच्या मध्ये बोट जाईल एवढी फट होती.

कठडा हलला नव्हता.

आई मागे आली. तरी हलला नाही.

दादा माझ्या मागे येऊन उभा होता. त्याने खिळे पाहिले, फट पाहिली. त्याच्यासाठी मी अकरा महिने एक वाक्य घासून ठेवले होते. ते मला आठवेना.

बुधवारी मिस्त्री खाली उतरून तुळई पाहून आला आणि बराच वेळ हात पुसत राहिला.

"ताई, हे कशावर उभं होतं?"

"तुम्हीच सांगा."

त्याने लांब बोल्ट घातले, पाना लावला. शेवटच्या आट्याला लाकूड खोलवर कुरकुरले आणि पाना त्याच्या मुठीत एकदम जड झाला.

"आत्ता आलं वजन," तो हळूच म्हणाला. "बोल्टवर." मग झोपलेल्या माणसाच्या खोलीत ठेवावा तसा त्याने पाना आवाज न करता खाली ठेवला.

त्या रात्री आईने जेवण मागून घेतले. मागचे दार लावू नकोस, म्हणाली. मी लावले नाही.

गुरुवारी सकाळी कठड्यावर दव सलग होते, पेन्सिलीच्या रेघांच्या आतही.

मग मी खाली पाहिले. ओल्या फळ्यांवर कोरड्या पावलांची ओळ होती. अनवाणी, रुंद, संथ. कठड्यापासून निघालेली, बोटे घराकडे. ती उंबऱ्यापर्यंत आली होती. आतल्या फरशीवर दव पडत नाही, त्यामुळे पुढचे मला वाचता आले नाही.