खंडेनवमीचा बोल्ट

शुक्रवार पेठेत माझं यंत्रमाग दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. दोन माणसांचं विमान मात्र मोडनिंबजवळ, मित्र बिरुदेवच्या माळावरच्या शेडमध्ये बांधलं. सगळं जमलं, पण विमान वर-खाली करायचा दांडा भलता हुळहुळा. जरा ओढला की नाक आभाळाकडं, जरा ढकलला की जमिनीकडं. मागल्या खेपेला विमान करडासारखं उड्या मारत उतरलं होतं. आणि दसऱ्याला लेकीला, सृष्टीला, वर न्यायचा शब्द देऊन बसलेलो. जीव नुसता टांगणीला.

उपाय साधा होता. दांड्यापासून शेपटीच्या पात्याकडं जाणारा रॉड बाहेरच्या भोकातनं काढून आतल्या भोकात जोडायचा, म्हणजे पातं कमी हलतं. खंडेनवमीला रॉडचा बोल्ट काढला, तेवढ्यात बायको, विजयमाला, शेडमध्ये आली.

"आवो, हत्यारं पूजेला द्या की. मुहूर्त टळतोय."

पाने, पक्कड, हाताला लागेल ते पाटावर मांडलं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. दांड्याखालचं झाकण लावून घरी गेलो.

दसऱ्याच्या गडबडीत बोल्ट बसवला होता का, काही केल्या आठवेना. दांडा हलवला. मागं पातं हललं. पातं हललं म्हणजे रॉड जोडलाय, हे शेंबडं पोरही सांगेल. उडालो.

काय सांगू, दांडा एकदम शहाणा झालेला. जास्त ओढला तर येईचना. माझ्या हातावर कुणी हात ठेवून गिरवून घेतंय असं वाटत होतं.

"बाबा, लई गुमान चाललंय की," सृष्टी म्हणाली.

उतरताना वाऱ्यानं दणका दिला. घाबरून मी दांडा पुढं ढकलला. चूकच ती, नाक जमिनीत गेलं असतं. दांडा हलला नाही. नाक अलगद वर आलं, चाकं टेकली. माझे डोळे भरून आले. लेक सुखरूप होती, आणखी काय पाहिजे माणसाला?

शेडमध्ये विजयमाला पाट आवरत होती.

"आवो, ह्यो बोल्ट कशाचा?"

बोल्टावर हळदकुंकू होतं.

झाकण काढलं. रॉड खाली पडलेला. दोन्ही भोकं रिकामी.

मागं गेलो. रॉड सुटला की पातं वजनानं खाली लोंबतं. ते सरळ होतं.

भीतीपेक्षा उपकार मोठे होते. चपला काढल्या, हात जोडले.

"पोचलो आमी. सोडा आता."

पातं सावकाश खाली आलं, निजलेलं लेकरू खाली ठेवावं तसं.