एकच ओळ दोन ठिकाणांहून

"पाळकसाहेब, देव खरंच ऐकतो, की आपणच भिंतीशी बोलत बसतो?"

हा प्रश्न विचारायची पैज माझी मैत्रीण टिटवी आणि तिच्या कंपनीने माझ्याशी लावली होती, कारण मी तोंड उघडणारच नाही याची त्यांना खात्री होती! मी बोलताना अडखळते. म्हणून वर्गात माझं उत्तर शेजारची देते, दुकानात आई बोलते, आणि रविवारी चर्चमध्ये दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः कबूल करायच्या उपासनेत अख्ख्या मंडळीसमोर माझी साक्षही बाबाच वाचणार, असं घरात ठरूनही गेलं होतं. पण मी विचारलं! 'देव'मधल्या 'दे'वर दोनदा आपटले, तरी विचारलं.

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "याचं उत्तर खुर्चीत बसून द्यायची माझी हिंमत नाही. शनिवारी वर चढताना बघू."

दृढीकरणाच्या आदल्या दिवशी सुळक्यावरच्या दगडी क्रूसापर्यंत चढून जायची आमच्या मंडळीची रीत आहे. यंदा उमेदवार दोघीच, मी आणि टिटवी. सर्वांत पुढे माझी आत्या, एरवी दवाखान्यात नर्स आणि सुट्टीत पक्की गिर्यारोहक. तिच्या मागे पाळकसाहेब, मग टिटवी, शेवटी मी.

सकाळभर ऊन होतं, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उद्या बाबा माझा विश्वास वाचून दाखवणार, आणि मी बाजूला बाहुलीसारखी उभी! पायाखालचे दगड सरकत होते, आणि झाडं संपून गवत लागलं तेव्हा वारा एकदम पडला. समोरचा सुळका बघता बघता पुसला गेला. धुकं!

"गाणं सुरू!" आत्या ओरडली. धुक्यात तिचा नियम एकच. प्रत्येकाने आपापली ओळ गायची. एखादी ओळ गळली, की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं.

"पुढे तूच, प्रभो," आत्याने उचललं. पाळकसाहेबांची ओळ आली, टिटवीची आली. माझी आली आणि पहिलाच शब्द अडकला.

"मागेही तूच, प्रभो!" टिटवीनेच गाऊन टाकलं, वर माझा भसाडा आवाज काढून. मग वळून कुजबुजली, "घाबरू नकोस गं, मी आहे ना!"

बरं वाटलं. हीच तर चूक!

कड्याच्या कडेने वाट अरुंद झाली. ओल्या गवतावर पाय पडला. सटकला! हात हवेत, पाठ दगडांवर, गवत मुठीतून निसटलं आणि धप्प! मी खालच्या एका चिंचोळ्या कपारीवर आदळले. कोपर सोलवटलं. पायांपुढे नुसतं पांढरं. खोली किती, देव जाणे.

आणि वर गाणं चालूच! चारही ओळी, एकही न गळता! टिटवी इमानेइतबारे माझी ओळ गात होती. गाण्यात माझं पडणं कुणाला ऐकू गेलंच नव्हतं, मग धुक्यात मी त्यांच्या मागे नाही, हे कुणाला कळणार? आवाज लांब लांब जाऊ लागला.

"थ... थ... थ..." 'थांबा' निघेना. जीभ टाळ्याला चिकटली.

मग मी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. तीही अडखळतच. "दे... देवा... म... मला..." पुढचा शब्द येईना. सवयीने वाट पाहिली, आता कुणीतरी वाक्य पुरं करील. कुणीच केलं नाही. कुणी घाईही केली नाही. तिथे कुणीतरी थांबलं होतं, माझं बोलणं संपेपर्यंत. हे मी कसं सांगू? पण ते होतं! "मला... आवाज दे," मी म्हणाले. पूर्ण वाक्य.

वर टिटवीची ओळ संपत आली. मी छाती भरून घेतली.

"मागेही तूच, प्रभो!"

एकच ओळ, एकाच वेळी, वरून आणि खालून! गाणं खटकन थांबलं.

"खाली कोण गातंय?" आत्याची किंकाळी.

"मी! मीच!"

दोर आला. आत्याने कंबरेला बांधायला सांगितलं, वरून तिघांनी ओढलं. खाली दगड सुटले, गुडघे खरवडले, पण वर पोचले! टिटवी हमसून हमसून रडत होती. "मला वाटलं, मी तुला मदतच करतेय!"

"केलीस की, बये! आता पुरे कर!"

क्रूस हाकेच्या अंतरावर असावा. मी म्हटलं, जाऊ या. पाळकसाहेबांनी माझ्या कोपराकडे पाहिलं, धुक्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. "क्रूस कुठे पळून जात नाही. उतरा." जीव चुटपुटला, पण उतरलो. उतरताना माझी ओळ मी गायले. प्रत्येक फेरीला. बेसूर!

घरी आई माझा पांढरा झगा इस्त्री करत होती. बाबा आरशासमोर माझ्या साक्षीचा सराव करत होते.

"बाबा, उ... उद्या..."

बाबांनी शब्द पुरवायला तोंड उघडलं. मी हात वर केला. आई इस्त्री उचलून तशीच थांबली.

"उद्या साक्ष मी देणार. क... कितीही वेळ लागू दे. मध्ये कुणी बोलायचं नाही."