काळ्या खडकावरचा दिवा

ओबेड व्हिटलो अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर दोरखंड, डांबर आणि खारवलेला मासा विकायचा. राजकारण त्याच्या गावीही नव्हतं. पण एका हिवाळ्यात, भरदुपारच्या धुक्यात, त्याच्या दुकानासमोरच्या काळ्या खडकावर ‘पेशन्स’ नावाचं गलबत फुटलं. धुक्यातून माणसांच्या हाका येत राहिल्या. दिवस कलला तशा थांबल्या. त्याच आठवड्यात ओबेडनं दुकान बायकोच्या, केझायाच्या हवाली केलं आणि तो निवडणुकीला उभा राहिला. मागणी एकच, खडकावर दीपगृह हवं.

तो निवडून आला, वॉशिंग्टनला संसदेत गेला. जूनच्या उकाड्यात, दुपारी, त्याची बोलायची पाळी आली.

“अहो दुकानदार,” दक्षिणेकडचे कर्नल बॅस्कम जागेवरूनच ओरडले, “तराजू आणलाय ना? की दिवा उधारीवर द्यायचा?”

सभागृह खदखदून हसलं.

तेवढ्यात गारवा आला. खिडक्यांवरचे पडदे हलले नाहीत, तरीही आला. त्यामागून वास... शेवाळाचा, भिजलेल्या लोकरीचा. समुद्र तिथून कितीतरी लांब होता. हसणं आपोआप विरत गेलं.

बॅस्कमांच्या टेबलावर टपकन थेंब पडला. त्यांनी तो बोटावर घेऊन जिभेला लावला.

“खारट...” ते पुटपुटले आणि त्यांनी वर पाहिलं.

मघाशी रिकामा असलेला प्रेक्षकांचा सज्जा भरला होता. खांद्याला खांदा लावून माणसं उभी होती, टोप्या छातीशी धरून. केसांतून पाणी निथळत होतं. ‘पेशन्स’ची माणसं फक्त पहिल्या रांगेत होती. त्यांच्यामागे आज्या-पणज्यांच्या काळच्या अंगरख्यांतली, आणि त्यांच्याही मागे... ओबेडची नजर पुरेना. चर्चची मोठी घंटा घुमावी तसं त्याच्या छातीत काहीतरी घुमू लागलं. त्याला भीती म्हणावं, की आणखी काही, हे त्याला उमगेना.

कर्नल बॅस्कम सावकाश उठून उभे राहिले.

“बोला, व्हिटलोसाहेब...” त्यांनी सज्ज्याकडे बोट केलं. “ते... खोळंबलेत.”

ओबेड बोलला. विरोधात एकही हात वर गेला नाही. अध्यक्षांचा हातोडा पडला तेव्हा सज्जा रिकामा होता. जिन्यावरून मात्र पाणी पायरीपायरीनं खाली उतरत होतं.

पुढच्या वर्षी दीपगृह उभं राहिलं. पहिल्यांदा वात पेटली त्या तिन्हीसांजेला सगळं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. म्हातारे खलाशी हुंदके देत होते. आणि मग दूर, जिथं नुसता उघडा समुद्र होता, तिथं दुसरा दिवा लागला.

“जहाज असेल कुणाचं,” ओबेड म्हणाला.

“जहाज हललं असतं,” केझाया म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तो लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी दीपगृहाचा राखणदार पेलेग होडी वल्हवत किनाऱ्याला लागला आणि ओबेडच्या दारात आला.

“साहेब, काल मी वात लावायच्या आधीच तो पेटला होता...”

उघड्या दारातून सभागृहातला तोच वास आला, शेवाळाचा, भिजलेल्या लोकरीचा. केझाया खिडकीपाशी पाठमोरी उभी होती.

“तो अजून विझलेला नाही,” ती हलकेच म्हणाली. “आणि कालच्यापेक्षा जवळ आलाय.”