बाहुलीच्या पोटात

लाईट काही लवकर येत नाही. वायरमन म्हणतो, पुढे कुठेतरी फॉल्ट आहे. मग बसा इथेच ओट्यावर. नविन, तो मोबाईल खिशात ठेव, उजेड डोळ्यांत जातो. आणि प्रविण, तू मघाशी हसलास ना, भूतबीत काही नसतं म्हणून? नसेलही. मी स्वतः भूत पाहिलेलं नाही. या गोष्टीतलं शेवटचं तेवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बाकीचं मला महादेवने सांगितलं. तुम्ही त्याला ओळखता. चिकूच्या वजनात मारेल, पण असल्या गोष्टीत खोटं बोलणार नाही.

गेल्या वर्षी फाल्गुनात तो मला डहाणू रोडला स्टेशनजवळ भेटला. हातात ही एवढी फुगलेली पिशवी. आत काय म्हणून बघितलं तर टेलरकडची कातरणं, लाल, पिवळी, फुलाफुलांची. मी म्हटलं, म्हातारपणी गोधड्या शिवायला घेतल्यास की काय? तर म्हणाला, सुनेने मागवलंय, ती घरी चिंध्यांच्या बाहुल्या करते. मला हसू आलं. त्याला आलं नाही.

महादेवचं घर मसोलीत, त्याच्या चिकूच्या वाडीच्या तोंडाशी. त्याला दोन मुलगे. थोरला जहाजावर, वर्षातून दीड-दोन महिने घरी. त्याची बायको जयश्री, तिला मूल नव्हतं. धाकटा पीयूष, त्याची बायको मयुरा, आणि त्यांची एकच मुलगी, रोशनी. मयुरा वापीला कंपनीत होती. पहाटेची गाडी पकडायची, ती अंधार पडल्यावर घरी यायची. मग पोर वाढवली कोणी? जयश्रीने. न्हाऊ घातलं तिने, भरवलं तिने, कुशीत घेऊन झोपवलं तिने. रोशनी बोलायला लागली ती जयश्रीला आई म्हणत आणि मयुराला मम्मी. सगळे कौतुकाने हसले. मयुरासुद्धा हसली, पण ते तिच्या मनात रुतून बसलं.

त्यातच दोन पावसाळ्यांमागे जयश्रीला ताप आला. वलसाडला नेईपर्यंत गेली बिचारी.

मयुराने नोकरी सोडली. म्हणाली, आता पोरीकडे बघायला हवं. ते खरंच होतं. पण बाई गेली तरी पोरीच्या मनातली जागा सोडेना, हे तिचं खरं दुखणं. रोशनी तिच्याशेजारी झोपायची, पण पाठ करून. कुशीत असायची जयश्रीने केलेली बाहुली.

आता ती बाहुली म्हणजे काय, तर जुन्या साडीचा तुकडा. आत बोळा भरायचा, दोऱ्याने गळा आवळायचा, की झालं डोकं. खाली घेर. काळ्या दोऱ्याचे दोन डोळे, त्यातला एक वर सरकलेला. मळून मळून रंगसुद्धा ओळखू येत नव्हता. पण पोर तिच्या पोटात नाक खुपसायची आणि लगेच झोपायची. मयुरा ते रोज बघायची. मेलेल्या जावेवर जळायची, आणि जळते म्हणून स्वतःवरच चिडायची.

म्हणून तिने बाहुल्या करायला घेतल्या. फोनवर बघून शिकली. बोटांना सुया टोचून घेतल्या, पण हात बसला हो तिचा. बटणांचे डोळे, लोकरीचे केस, झालरीचे झगे. दुकानात ठेवाव्यात अशा. फळीवर रांगच लागली. रोशनी प्रत्येक बाहुली हातात घ्यायची, "छान आहे, मम्मी" म्हणायची आणि फळीवर परत ठेवायची. पाहुण्यांनी दिलेला खाऊ ठेवावा तशी.

एके दिवशी पोर शाळेत गेल्यावर मयुराने ती जुनी बाहुली घेतली. तिला वाटलं, हिची बांधणीच वेगळी असेल, शिवण उसवून बघू, तश्शीच दुसरी करू. पोटाची शिवण उसवली. आत कापूस नव्हता. चिंध्याही नव्हत्या.

केस होते.

तुम्हा पोरांना गुंतवळ माहीत नसेल. बायका केस विंचरतात, फणीत गळलेले केस अडकतात, त्याचा गोळा करतात, ते गुंतवळ. जुन्या बायका ते कुठेही फेकत नाहीत. त्यावर थुंकतात, मगच टाकतात. का, तर केसाच्या मागे माणूस येऊ नये म्हणून. जयश्रीचे केस कमरेपर्यंत होते, साऱ्या मसोलीत तसे कोणाचे नव्हते. तिने आपलं गुंतवळ साठवून बाहुलीत भरलं होतं. तेवढं असतं तर मयुराने सोडूनही दिलं असतं. पण त्या लांब केसांत आणखी केस होते. मऊ, भुरे, बोटभर लांबीचे.

रोशनीचं जावळ.

जावळ काढलं त्या दिवशी मयुराला सुट्टी मिळाली नव्हती. संध्याकाळी घरी आली तेव्हा पोरीचं डोकं गुळगुळीत. जयश्री म्हणाली होती, मी समुद्रात सोडून आले, काळजी करू नको. सोडलं नव्हतं तिने. आपल्या केसांत गुंडाळून शिवून टाकलं होतं. आणि पोर रोज रात्री त्यातच नाक खुपसून झोपत होती.

मयुरा दुपारभर तिथेच बसून राहिली. एकेक भुरा केस काळ्या केसांतून सोडवला. तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. जावळ रुमालात बांधून तिने स्वतःजवळ ठेवलं. जयश्रीचे केस मागच्या दाराने वाडीत भिरकावले. थुंकली नाही. रागात विसरली. आणि मग आपल्या फणीतलं गुंतवळ काढून तिने बाहुलीच्या पोटात भरलं, शिवण घातली. आता पोर माझा वास घेईल, असा तिचा हिशेब.

रात्री रोशनीने बाहुली कुशीत घेतली. पोटात नाक खुपसलं. थांबली. मग उठून बसली आणि बाहुली मयुराच्या मांडीवर ठेवली.

"ही तुझी आहे," म्हणाली. रडली नाही, काही नाही. पाठ करून झोपली.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. सकाळी उठून बघावं तर फळीवरच्या एका बाहुलीचं पोट उसवलेलं. मग दुसरीचं. मग तिसरीचं. महादेवला वाटलं उंदीर. पण उंदीर काय दोरा काढून नीट गुंडाळून ठेवतो? प्रत्येक बाहुलीशेजारी दोऱ्याची छोटी गुंडाळी असायची. आतला कापूस जिथल्या तिथे. कोणीतरी आत काहीतरी शोधत होतं, आणि ते मिळत नव्हतं.

महादेवने सुनेला विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. दोघं टॉर्च घेऊन वाडीत गेले, झाडांखाली वाकून वाकून बघितलं. एकही केस सापडला नाही.

मग आली चैत्र पौर्णिमा. विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा सुरू झाली तीच रात्र. पीयूष टेम्पो घेऊन तिकडे गेलेला. त्याचा फोन आला की हायवेला गाड्या अडकल्यात, सकाळीच येतो. महादेव पडवीत खाटेवर पडला होता. आत मायलेकी, खाली गादीवर. संध्याकाळी मयुराने पोरीला न्हाऊ घातलं होतं. वेणी घालते म्हणून फणी घेतली, तर रोशनी म्हणाली, आई घालेल. मयुराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणाली, मीच आहे तुझी आई. पोर मागच्या दाराकडे बघत राहिली. केस मोकळे ठेवूनच झोपली.

नविन, जरा सरकून बस. तिकडे काही नाही रे. वारा आहे.

तर... मध्यरात्र उलटून गेली होती. मयुरा जागी होती; हे तिनेच नंतर महादेवला सांगितलं. मागे वाडीत पाचोळा वाजला. चार पावलं. थांबली. पुन्हा दोन. पडलेलं काही वेचत यावं तसं. मग आवाज थांबला.

दार वाजलं नाही. कडी वाजली नाही.

गादी पलीकडून दबली.

खिडकीतून चांदणं आत येत होतं. मयुराने मान वळवली नाही. समोरच्या भिंतीवर सावली दिसत होती, तेवढीच तिने पाहिली. बसलेली बाई. खांदे. डोकं... आणि डोक्यावर केस नाहीत.

रोशनी झोपेत पुटपुटली, "आई..."

मयुरा म्हणाली, "ओ."

पलीकडूनही कोणीतरी म्हणालं...

"ओ."

हा दुसरा ओ महादेवने बाहेर ऐकला. आवाज त्याने ओळखला. तो उठला. दारापर्यंत गेला. पुढे पाय उचलेना.

आत मयुरा ओरडली नाही. पळाली नाही. तुम्ही असता तर खिडकीतून उडी मारली असती, मीसुद्धा. पण त्या बाईला भीतीपेक्षा मत्सर मोठा होता. ती हळूच म्हणाली, "ती माझी आहे. मी जन्म दिलाय तिला."

पलीकडची गादी तशीच दबलेली.

मयुराने अंधारात हात पुढे केला. पोरीचे आपल्या बाजूचे केस धरले. तीन पेड केले. वेणी घालायला लागली. पेड निसटायचा, ती पुन्हा धरायची. एक पेड... दुसरा... तिसरा...

मग तिला जाणवलं. पोरीचं डोकं तिच्याकडे ओढलं जात नव्हतं. मधोमध, सरळ होतं. पलीकडचे केसही ताणलेले होते.

तिथेही वेणी चालली होती.

महादेवने फटीतून पाहिलं. त्याला फक्त सुनेचे हात दिसले. आणि पोरीचे केस. दोन्हीकडे ताठ. पोर गाढ झोपलेली... गालावर हसू.

कोणी थांबलं नाही. हिनेही सोडलं नाही, तिनेही नाही. पहाटे कोंबडा आरवला तेव्हा पलीकडची गादी हळूच वर आली.

सकाळी रोशनी उठली ती दोन वेण्या घेऊन. उजवी सैल, वाकडी. मयुराला धड वेणी कुठे येत होती तेव्हा? डावी घट्ट, एकसारखी, जयश्री घालायची तशी. मयुरा त्याच दिवशी रुमालातलं जावळ घेऊन पारनाक्याच्या समुद्रावर गेली आणि स्वतःच्या हाताने पाण्यात सोडून आली. त्यानंतर एकही बाहुली उसवली नाही. रोशनी पाठ करून झोपायची थांबली. हळूहळू मयुराला आई म्हणायला लागली. महादेवला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

मलाही तसंच वाटलं होतं, गेल्या आठवड्यापर्यंत.

मी स्टेशनजवळच्या बांगड्यांच्या दुकानात उभा होतो, नातीसाठी काहीतरी घेत होतो. तिथे मयुरा आली, हात धरून रोशनी. पोरगी छान टवटवीत, आई हे घे, आई ते घे, असं चाललेलं. मला बरं वाटलं बघून. मग पोर वळली. उजवी वेणी खांद्यापर्यंत. डावी... कमरेच्या खाली.

दुकानातल्या बाईनेही ते पाहिलं. रबरांची जोडी देता देता म्हणाली, ताई, एक बाजू किती वाढलीये, कापून सारखी करा की. मयुराने जोडीतलं एकच रबर घेतलं, पोरीच्या उजव्या वेणीला लावलं. दुसरं काउंटरवरच ठेवून निघाली. बाईने मागून हाक मारली, अहो, हे राहिलं तुमचं.

मयुरा उंबऱ्यावर थांबली. मागे न बघता म्हणाली, "राहू द्या. ती बाजू माझी नाही."